ऐस हौस

राव सार गिम्लेटला गिरमिट म्हणायचे.

कोपऱ्यातल्या टेबलावरून दोन बोटं वर करत ते सांगत, "रेंडु गिरमिट." एक त्यांना, एक मला. काउंटरमागच्या पोराला हेच पेयाचं खरं नाव वाटलं असावं, कारण एका रात्री बिलावर चक्क 'गिरमिट २' असं छापून आलं. राव सारांनी ते बिल घडी घालून खिशात ठेवलं. "झालं," म्हणाले, "सरकारदरबारीं नोंद झाली."

सुतारकाम जवळून पाहिलेल्या मराठी माणसाला गिरमिट सांगावं लागत नाही. आडवी लाकडी मूठ, खाली पीळदार टोक, आणि दाबत दाबत, फिरवत फिरवत लाकडाला पाडलेलं बारीक भोक. गिम्लेट म्हणजे इंग्रजांचं तेच हत्यार. पेयाला हे नाव हत्यारावरून पडलं की जहाजावरच्या कुणा डॉक्टरवरून, हा वाद जाणकार अजून घालतात. राव सारांना त्याचं काही नव्हतं. दिवस सागवानासारखा घट्ट असतो, संध्याकाळी त्याला वारा येण्यापुरतं एक भोक पाडावं, असं त्यांचं म्हणणं. एकच. दुसरं पाडायला गेलं की फळी चिरते.

त्यांची सगळी नोकरी मद्रास बंदरात हिशेब लिहिण्यात गेली होती, त्यामुळे गिरमिटाचा दुसरा अर्थही त्यांना पक्का ठाऊक होता. दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळच्या उसाच्या मळ्यांसाठी मजूर घेऊन 'ट्रूरो' हे पहिलं जहाज ऑक्टोबर १८६० मध्ये निघालं, ते मद्रासहूनच. ज्या अ‍ॅग्रीमेंटवर अशा मजुरांनी अंगठे उठवले, त्याचं त्यांच्या तोंडी गिरमिट झालं. "एका शब्दांत केवढीं माणसं," राव सार ग्लासकडे बघत म्हणायचे, आणि पहिला घोट घेण्याआधी जरा थांबायचे. मग एकदम डोळे मिचकावून विचारायचे, की हुबळीकडे चुरमुऱ्यांचं गिरमिट मिळतं म्हणे, ते यासोबत कसं लागेल?

आमची ओळखसुद्धा एका शब्दाच्या घोटाळ्यातली. मी कोल्हापूरचा, नोकरीने चेन्नईत आलेलो, तिरुवल्लिकेणीत भाड्याने राहणारा. त्या संध्याकाळी फोनवर धाकट्या भावाला म्हणत होतो, "काय राव, किती उशीर!" पलीकडच्या टेबलावरचे पांढऱ्या शर्टातले गृहस्थ वळले.

"काय?"

मी गोंधळून पाहत राहिलो.

"तुम्हींच हाक मारलीं नव्हे? राव म्हणून?"

भावाला तसाच तोडून मी माफी मागितली. त्यांनी हाताने ती बाजूला सारली आणि विचारलं, "कोठले तुम्हीं?"

"कोल्हापूर."

"आम्हीं तंजावूर." मग थोडं थांबून, परगावच्या माणसाने आपण कधी आलो ते सांगावं तसं, "येऊन साडेतीनशे वर्षं होत आलीं."

त्या दिवसापासून चेन्नईत मला एक टेबल मिळालं.

गल्लीतला बार म्हणावा, तर या शहरात ती चीज तशी नाहीच. आपल्याकडे 'परमिट रूम व बिअर बार' अशी पाटी कुठल्याही चौकात दिसते, खाली थाळी आणि वर पेग. तमिळनाडूत बारचा परवाना मिळतो हॉटेलला किंवा क्लबला. राहायच्या खोल्या असल्याशिवाय ग्लास नाही. त्यामुळे आमचा बार मैलापूरच्या कडेला, राधाकृष्णन सालैच्या आतल्या एका रस्त्यावर, एका लहानशा हॉटेलच्या पोटात लपलेला होता. वर राहायला कोण येई ते मला कधी दिसलं नाही. आत गुहेसारखा काळोख, दात वाजतील असा एसी, आवाज बंद केलेल्या टीव्हीवर कुठलीतरी मॅच. बाकीचं शहर सरकारी टॅसमॅकच्या जाळीपुढे नोटा धरून उभं. तिथे एका क्वार्टरमध्ये दोघं भागी करतात, त्याला 'कटिंग' म्हणतात. मुंबईहून आलेल्या माणसाने तिथे चहा समजून मागितला तर पंचाईत. आपला चखणा इथे 'सैडिश' होतो. आणि तमिळमध्ये नागरिकाला शब्द आहे 'कुडिमगन'. 'कुडि' म्हणजे पिणंसुद्धा, 'मगन' म्हणजे मुलगा. टॅसमॅकच्या रांगेतल्या प्रत्येकाला हा विनोद पाठ असतो.

राव सारांना या सगळ्याचा इतिहास घरच्यासारखा माहीत होता. राजाजींनी १९३७च्या ऑक्टोबरात सेलम जिल्ह्यापासून दारूबंदी सुरू केली. तिजोरीला पडलेलं भोक बुजवायला मद्रास प्रांताने १९३९ मध्ये देशातला पहिला सर्वसाधारण विक्रीकर बसवला. बिल आलं की राव सार कराच्या ओळीवर नखाने टिचकी मारत: "हा पोर दारूबंदीच्या पोटचा." १९७१ मध्ये बंदी उठली, १९७४ मध्ये परत आली, पुढे पुन्हा सैल झाली, १९८३ मध्ये टॅसमॅक निघालं, आणि २००३ पासून किरकोळ विक्रीही सरकारनेच आपल्या हातात घेतली. बंदीच्या काळात त्यांच्या वडिलांकडे डॉक्टरच्या सहीचा पिण्याचा परवाना होता. तो काढताना ओळखीच्या लोकांना तोंड चुकवावं लागलं, म्हणून वडिलांनी तो देवघरामागच्या कपाटात, पंचांगाखाली ठेवला होता. "आमचा बाप परवान्यावर प्यायला, मी हॉटेलच्या खोल्यांच्या आडोशाला. रस्त्याकडे तोंड करून प्यायलेला आमच्यांत कोणी नाहीं."

त्यांची मराठी ऐकत राहावी अशी होती. व्यंकोजीराजांच्या मागे कावेरीकाठी गेलेली, १८५५ मध्ये राज्य खालसा झाल्यावर दरबारातून निघून स्वयंपाकघरात येऊन बसलेली. तिच्यात आपण कधीच टाकून दिलेले अनुस्वार होते, तमिळचा हेल होता, आणि वाक्य कुठे संपेल याचा नेम नव्हता. सरफोजीराजांनी १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. लहानपणी राव सार त्या ओळींवरून बोट फिरवत चालत. वाचता मात्र येत नसे. त्यांच्या घरात मराठी लिहायची ती तमिळ अक्षरांत. तमिळमध्ये त, थ, द, ध या चौघांना मिळून एकच अक्षर, त्यामुळे त्यांच्या कागदावर 'ताक' आणि 'दाग' जुळे भाऊ दिसत. ते कधी पेपर नॅपकिनवर निरोप लिहून काउंटरवर ठेवून जात. मी एकेक तमिळ अक्षर लावत बसे, आणि चौथ्या-पाचव्या अक्षराला कागदातून अचानक मराठी बोलायला लागे.

एकदा माझा पुण्याचा एक पाहुणा आमच्या टेबलावर होता. दोन पेग झाल्यावर तो मोकळेपणाने म्हणाला, "काका, राग मानू नका, पण तुमची मराठी फार पातळ झालीय हो."

राव सारांनी पोराला बोलावलं. साठ मिली जिन, नुसती. बर्फ नको, लिंबू नको, सोडा नको. ग्लास पाहुण्यासमोर सरकवून म्हणाले, "हें घट्ट. प्या."

पाहुण्याने घोट घेतला, डोळ्यांत पाणी आलं, ग्लास खाली ठेवला. राव सारांनी आपल्या ग्लासातला बर्फ हलवला. त्या बारमध्ये मशीनचा नळीचा बर्फ येई, बोटभर लांबीचा, मधोमध आरपार भोक असलेला, कुणी गिरमिटाने पाडल्यासारखा. तो झपाट्याने वितळे. जाणकार त्याला नावं ठेवतात. पण कॉकटेल बर्फासोबत हलवलं की शेवटी त्यात चौथ्या हिश्शाच्या आसपास पाणीच असतं, आणि ते पाणी कुठल्याही पाककृतीत लिहिलेलं नसतं. जिनची धार, लिंबाच्या कॉर्डियलचा गुळमट आंबटपणा, दोघांना ते एका ताटात बसवतं. कॉर्डियलचीही अशीच गोष्ट. लॉकलिन रोझ नावाच्या स्कॉटिश माणसाने लिंबाचा रस दारू न घालता साखरेत टिकवायचं पेटंट १८६७ मध्ये घेतलं, आणि त्याच वर्षी ब्रिटिश व्यापारी जहाजांवर खलाशांना लिंबूरस देणं सक्तीचं झालं. हिरड्या सुजून माणसं मरू नयेत म्हणून दिलेला काढा. पुढे कुणीतरी त्यात जिन ओतली. टॉनिकचं तर नावच टॉनिक. त्यातला कडवटपणा आपल्या आज्यांच्या कोयनेलचा. १८६०च्या दशकात पेरूकडून आणलेल्या सिंकोनाच्या रोपांचे मळे निलगिरीत उभे राहिले, इथून रात्रभराच्या रेल्वेवर. हिवताप, स्कर्व्ही, उकाडा. औषधाला बोलावलेल्या या मंडळींनी बारमध्येच बिऱ्हाड केलं.

राव सार यातलं काहीच सांगत नसत. ते फक्त ग्लास कानाशी नेत. बर्फाला तडा जाताना बारीक टिक असा आवाज होतो, तो ऐकत आणि मग पीत.

त्यांच्या मराठीत बर्फ नव्हता. कावेरीकाठी तो शब्द घेऊन कोण काय करणार? तमिळसारखं तेही 'ऐस' म्हणत. ऐस म्हटलं की त्यांची गाडी हमखास तिरुवल्लिकेणीकडे वळे, माझ्या घराच्या वाटेवरच्या त्या बसथांब्याकडे. मरीनाच्या समोर एक गोलसर, बुटक्या किल्ल्यासारखी इमारत आहे. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने १८४२ मध्ये ती बांधली. अमेरिकेतल्या तळ्यांवर हिवाळ्यात कापलेल्या बर्फाच्या लाद्या, भुशात गुंडाळून, चार-चार महिन्यांचा समुद्र ओलांडून इथे उतरत. बराच माल वाटेतच पाणी होई, उरलेल्यावर धंदा चाले. कलकत्ता, मुंबई आणि मद्रास, तिन्ही ठिकाणी अशी बर्फाची घरं होती. उभं राहिलं हे एकटं. पुढे यंत्राने बर्फ होऊ लागला आणि १८८०च्या सुमारास धंदा बुडाला. एका वकिलांनी इमारत घेतली. १८९७ मध्ये पश्चिमेकडून परतलेले विवेकानंद तिथे नऊ दिवस राहिले, त्यांच्या नावाने आज तिथे स्मारक आहे. पाटीवर 'विवेकानंदर इल्लम' आहे. पण बसमध्ये, रिक्षात, पोलीस ठाण्याच्या फलकावर वस्तीचं नाव अजून तेच. ऐस हौस.

"ऐकलंस?" राव सार पहिल्यांदा म्हणाले, तोवर 'तुम्हीं'चा 'तू' झाला होता. "हौस! ऐस गेला, हौस राहिली."

मी हसलो. ते हसले नाहीत. त्यांच्या आजीची एक बहीण होती, नवव्या वर्षी लग्न झालेली, अकराव्या वर्षी कपाळ पांढरं झालेली. सिस्टर सुब्बलक्ष्मी यांनी बालविधवांसाठी वसतिगृह चालवलं, ते याच इमारतीत. तंजावरहून बैलगाडी आणि रेल्वे करत त्या मुलीला तिथे आणून सोडलं. खिडकीतून समुद्र दिसे. तिला फूल नाही, कुंकू नाही, रंगीत लुगडं नाही, म्हणजे मराठीत ज्याला हौस म्हणतात ते सगळं बंद, आणि शिकायला ठेवलं कुठे, तर ऐस हौसमध्ये. ती शिकली, शिक्षिका झाली, पहिल्या पगारात स्वतःसाठी एक काचेचा पेला घेतला. घरात विधवेचा पेला वेगळा असे, पितळेचा, कोपऱ्यातला. तिने काचेचाच घेतला, बाजारात मिळेल तितका पारदर्शक. म्हातारपणी उन्हाळ्यात त्यात लिंबूपाणी करून ऐसचा एक खडा टाकी, आणि तो कानाशी धरून ऐके.

"मग तुम्ही...?"

"तिच्याकडून," राव सार म्हणाले.

जेवण नेहमीचंच असे. मी नेत्तिली फ्राय मागवायचो, आपल्या मांदेलीची चुलत बहीण, कढीपत्त्यात कुरकुरीत तळलेली. ते गोबी सिक्स्टी-फाइव्हचे दोन तुरे घेत आणि बाकी माझ्याकडे ढकलत. मग साडेदहाच्या सुमारास, बारमधले बाकीचे लोक चढ्या आवाजात राजकारण करत असताना, राव सार दहीभात मागवत. जिनवर दहीभात पाहून पहिल्यांदा मला शिसारी आली होती. स्टीलच्या वाटीत गार भात, मोहरीची फोडणी, आल्याचे बारीक तुकडे, वर डाळिंबाचे चार दाणे, कडेला नारत्तंगायचं काळपट लोणचं, लिंबापेक्षा कडू. गिम्लेटचा शेवटचा, पाणी झालेला घोट आणि त्या लोणच्याची फोड. त्या दोन चवी जिभेवर भेटत तेव्हा मला वाटे, रोझने बाटली भरायच्या कितीतरी आधी या माणसाच्या पणजीने बरणी भरली असणार.

मार्गळीत, डिसेंबरच्या संगीताच्या दिवसांत, ते दुपारच्या फुकट कचेऱ्या, म्हणजे मैफली, ऐकून येत, शर्टाला विभूतीचा वास. एकोणिसाव्या शतकात मराठी कीर्तनकार तंजावरला आले आणि त्यांचं ऐकून तंजावर कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथेला नवं रूप दिलं. ओवी, दिंडी, साकी ही आपली वृत्तं त्या हरिकथेत मुरली. राव सारांना 'साकी'चा दुसरा अर्थ एका हिंदी गाण्यातून कळला होता. "म्हणजे आमच्या कीर्तनांत साकी, आणि तुझ्या गझलेंतही साकी. ती देवाचं सांगते, ही ओतते. कोणी कोणाला बिघडवलं, सांग."

गेल्या मार्गळीच्या आदल्या आठवड्यात ते गेले. त्यांच्या मुलीने दोन दिवसांनी कळवलं, इंग्रजीत, तीन ओळींत. तिला मराठी समजते, बोलत नाही. भेटायला गेलो तेव्हा तिने दहीभात वाढला आणि म्हणाली, अप्पांच्या खिशांत नेहमी बिलं सापडायची, एक तर फारच जुनं होतं, त्यावर काय छापलंय ते कळेना. मी पाहिलं. थर्मल कागदावरची शाई उडाली होती. 'गिरमिट'मधला 'ट' आणि '२' एवढेच उरले होते.

बारमध्ये मी चार महिन्यांनी गेलो. भिंती काढून काच लावली होती, काळोख गेला होता. मेनू आता जाड पुठ्ठ्याचा. गोव्यात गाळलेल्या देशी जिन आल्या होत्या. त्यांतली एक हिमालयातल्या हपुषेच्या फळांची, आणि नावही तेच, 'हापुसा'. आयुर्वेदातलं हे फळ ज्युनिपर होऊन जग फिरलं आणि संस्कृत नाव लावून घरी परतलं, हे राव सारांना आवडलं असतं. मार्टिनी, नेग्रोनी, टॉम कॉलिन्स, सगळी बडी मंडळी ओळीने होती. गिम्लेटही होतं, ताज्या लिंबाचं, घरच्या कॉर्डियलचं. मी एक मागवलं.

चव उत्तम होती, ती खोटी सांगता येणार नाही. ग्लासात बर्फाचा एकच मोठा चौकोन, काचेसारखा स्वच्छ, बुडबुडा नाही, भोक नाही. १८४०च्या दशकात लंडनच्या एका दुकानात अमेरिकन बर्फाच्या लादीमागे वर्तमानपत्र ठेवत आणि येणारेजाणारे आरपार वाचत, तसाच हा. त्यातून मला टेबलाचं लाकूड दिसत होतं, लाकडातली रेघ अन् रेघ. तो वितळेना. मी ग्लास कानाशी नेला. अर्धा तास बसलो, जिन शेवटपर्यंत तशीच घट्ट. आजूबाजूची तरुण पोरं आपापल्या ग्लासांचे फोटो काढत होती. ती माझ्याकडे बघून हसली असतील, मी पाहिलं नाही.

दहीभात मेनूत नव्हता. काउंटरमागचा पोरगा तोच होता, आता काळ्या एप्रनमधला, दाढी आलेला. त्याने मला ओळखलं होतं, पण विचारलं काही नाही. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातल्या पोरांसाठी केलेला दहीभात त्याने स्टीलच्या वाटीत आणून ठेवला. लोणचं नव्हतं. "तीर्न्दु पोच्चु सार," म्हणाला, संपलं.

बिलावर 'गिम्लेट १' असं होतं. शुद्ध, एका अक्षराची चूक नाही.

रात्रीची बस जवळजवळ रिकामी होती. मी पाकिटातला एक नॅपकिन काढून खिडकीच्या उजेडात धरला. शेवटच्या पावसाळ्यातला निरोप, तमिळ अक्षरांत: 'उद्या येत नाहीं. तू घे. ऐस कमी घालूं देऊं नको.' यातलं 'देऊं' की 'थेऊं', 'तू' की 'धू', हे अजून मला कान लावूनच ठरवावं लागतं.

समुद्राचा खारट वारा आत आला. कंडक्टरने मान न वळवता हाक दिली, "ऐस हौस, ऐस हौस, एरंगु!" कुणी उठलं नाही. त्याने शिटी ओठांशी नेली.

मी उठलो आणि उतरलो. माझा थांबा अजून दोन थांबे पुढे होता.